पांढरी गोळी, मधोमध रेघ

ऑगस्टमधल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, माझा भाऊ बापू तुरुंगातून सुटला. रविवारी सकाळी तो वारला. मधले दिवस तो दोह्यातच होता.

यंदा पुन्हा खजूर पिकलेत. अबू हमूरच्या आमच्या गल्लीत प्रत्येक व्हिलाच्या भिंतीवरून एकदोन झाडं बाहेर झुकलेली असतात. जुलै लागला की त्यांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधतात. तरी काही फळं निसटतात, फरशीवर पडतात, चपलेखाली चिरडतात आणि उन्हात आंबतात. त्यांचा गोडसर, नासका वास दुपारभर गल्लीत साचून राहतो. या देशात आले तेव्हा मला तो वास आवडला होता. घरी पत्रात मी त्याचं कौतुकही लिहिलं होतं. आता गाडीपर्यंतची वीस पावलं मी श्वास रोखून चालते. घरातून बाहेर पाऊल टाकलं की दमट हवेनं चष्म्याच्या काचा धुरकटतात आणि समोरचं काहीच दिसत नाही. चष्मा पुसून उपयोग नसतो. नुसतं उभं राहायचं.

दुःखाबद्दल लिहावं म्हणून मी अनेकदा बसले. कागदावर दुःख येत नाही. येते ती किळस. तिचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. दुःखी माणसाजवळ लोक येऊन बसतात, चहा करून देतात. शिसारी आलेल्या माणसाला मात्र म्हणतात, जरा बाहेर फिरून ये.

आम्ही मंगळवेढ्याकडचे. मी एम. ए. झाले, इंजिनियर नवरा मिळाला, त्याच्या नोकरीबरोबर इथं आले. बापू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो नंतर आला, पाण्याचा टँकर चालवायला. एकाच शहरात आम्ही दोन वेगळ्या गावांत राहिल्यासारखे राहत होतो. मी अबू हमूरला, तो बरवा अल बराहामध्ये, कामगारांच्या वसाहतीत. तिथल्या सगळ्या इमारती इतक्या सारख्या की नवा माणूस आठवडाभर दुसऱ्याच्याच खोलीचं दार वाजवतो. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, जाताना माझ्याकडचं एखादं मराठी पुस्तक घेऊन जायचा आणि पुढच्या शुक्रवारी न वाचता परत आणायचा. "कव्हर झ्याक हाय," म्हणायचा.

एका सकाळी त्याचा टँकर चौकातून सरळ फूटपाथवर गेला. तिथे बसची वाट बघत एक नेपाळी माणूस उभा होता. तो जागीच गेला. बापूनं पोलिसांना सांगितलं, डोळा लागला. कोर्टात तेच सांगितलं. शिक्षा झाली. मी कधी असं म्हणाले नाही की अन्याय झाला. त्या माणसाचं नाव मला पाठ आहे. त्याचीही कुणी बहीण असेल, आणि माझ्या भावाचं नाव तिला पाठ असेल.

डोळा लागला नव्हता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण बापूला पहिल्यांदा पडताना मीच पाहिलं होतं. तो तिसरीत होता, मी नववीत. शाळेच्या प्रार्थनेत तो रांगेतून एकदम खाली गेला, डोळे वर, तोंडाला फेस, टाचा जमिनीवर आपटत. आईनं त्याला देवऋष्याकडे नेलं, दंडाला काळा दोरा बांधला आणि मला समोर बसवून सांगितलं, "कुणी इचारलं तर म्हणायचं, चक्कर आली. उद्या लगीन हुयाचंय त्याचं." मी म्हणत गेले. इतकी वर्षं म्हणाले की मलाही तसंच वाटायला लागलं. असं दोन-तीन वर्षांतून एकदा व्हायचं, मग सगळे विसरायचे. लग्न काही जमलं नाही.

सुटकेच्या दिवसाची तयारी मी नीट केली होती. कंपनीनं त्याचा व्हिसा आधीच रद्द केला होता. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. तोवर माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या हमीवर त्याला आमच्याकडे राहता येणार होतं. आईनं फोनवरून बजावलं होतं: दारातच आंघोळ घाल, तिथली चिंधीसुद्धा आत आणू नकोस, मगच ओवाळ. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण दोन वर्षं ती बाई गावात मान खाली घालून फिरत होती. तिच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. ऑगस्टात इथे नळाला कढत पाणी येतं, म्हणून मी आदल्या दिवशीच दोन बादल्या भरून आत गार करायला ठेवल्या. भिंतीवर फोन टेकवून ठेवला, आईला दिसावं म्हणून.

बापू गाडीतून उतरला तेव्हा मी ओळखलंच नाही. अंगानं भरला होता. रंग उजळला होता. त्याचा बरवातला खोलीसोबती माने त्याला घेऊन आला होता. तो म्हणाला, "बघा ताई, हा आत राहून गोरा झाला आन् आमी बाहेर राहून कोळसा."

मी बापूला फाटकापाशीच थांबवलं. त्यानं बादल्या बघितल्या, फोनवरच्या आईला बघितलं.

"अक्का, लांबनंच बोलतीस व्हय? मयतीला जाऊन आलोय का मी?"

मी हसले. मानेही हसला. आई फोनमधून म्हणाली, "गप रं, शुभ बोल." त्यानं बनियनवर उभ्या उभ्या अंगावर पाणी घेतलं. मी त्याचे कपडे काठीनं उचलले. त्याच्याजवळ गाठ मारलेली एक निळी प्लॅस्टिकची पिशवी होती. तीही उचलली.

"ती ऱ्हाऊ दे, अक्का."

"नको. आई बघतीये."

त्यानं फोनकडे बघितलं. मी पिशवी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आले. हात धुतले. त्याला ओवाळलं. त्याच्या तोंडात पेढा घातला.

त्याच दुपारी, जेवण झाल्यावर, मी खिडकीतून पाहिलं तर तो त्या पेटीपाशी उभा होता. पेटी उंच. तो आत वाकून बघत होता. मला वाटलं, इतके दिवस कोंडलेला माणूस, मोकळं फिरतोय. मी दार उघडून हाक मारली, "बापू, ऊन लागंल, आत ये." तो लगेच आला. शाळेतल्या मुलासारखा. दुसऱ्या दिवशी बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ट्रक पेटी रिकामी करून गेला.

ते दिवस आठवले की त्यांतले चांगले तुकडेही आठवतात, आणि त्यांचाच जास्त राग येतो. माझी मुलगी अनू सात वर्षांची. तिला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीतच देते. तिनं मामाला विचारलं, "वॉज इट स्केरी?" बापू म्हणाला, "यस यस, नो प्रॉब्लेम." मग दोघं पोट धरून हसले. तो तिला बंगाली आकडे शिकवत होता, जे तो आत शिकला होता. भाकरी तीन दिवस दोन्ही वेळा खाल्ली. झोपायला त्याला दिवाणखान्यात गादी घातली होती, पण तो पहाटेच उठून भिंतीला टेकून बसलेला असायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तिथली सवय. मोजायला येत्यात." गुरुवारी सकाळी चहाचा कप त्याच्या हातात जरासा हलला. मी पाहिलं. चक्कर, असा शब्द मनात येऊन गेला असणार. तो शब्द माझ्याकडे नेहमी तयार असतो.

मी काय काम करते ते सांगायला हवं. मी एका विमा कंपनीत आहे. विकत नाही. आरोग्यविम्याच्या पॉलिसीचा मजकूर वाचायचा, कायद्याशी ताडून बघायचा आणि कामगारांना देतात त्या माहितीपत्रकासाठी सोपा करायचा, हे माझं काम. शांत काम आहे, मला आवडायचं. त्या एप्रिलमध्ये वरिष्ठांनी माझ्याकडून एक टिपण मागितलं होतं: माणसाचं विम्याचं छत्र कुठे कुठे तुटतं, आणि इतर देश त्यावर काय करतात. नोकरी सुटल्यावर तुटतं, देश बदलल्यावर तुटतं, असं लिहिता लिहिता मला अमेरिकेतल्या काही राज्यांचे नियम सापडले. तिथे तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाचा आरोग्यविमा तो बाहेर पडायच्या आधीच चालू करून ठेवतात. हातात काही दिवसांच्या गोळ्या देतात आणि त्या संपायच्या आत पुढच्या मिळतील, एवढी सोय कागदावर तरी असते. मी त्यावर अर्धं पान लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला आवडलं होतं म्हणून लक्षात आहे: दारातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे, कारण आतलं औषध थांबलेलं असतं आणि बाहेरचं सुरू झालेलं नसतं.

बापू तेव्हा आतच होता. मी ते वाक्य लिहिलं, पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम काढला, आणि मला तो आठवला नाही. टिपणातली माणसं वेगळी होती. ती कुठल्या तरी राज्यातली होती, त्यांच्यावर कायदे होत होते. माझा भाऊ म्हणजे माझा भाऊ. तो शुक्रवारी जेवायला यायचा.

गुरुवारी संध्याकाळी मी पीठ मळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "अक्का, त्या पिशवीत गोळ्या हुत्या."

"कसल्या?"

"फिटच्या. तिथल्या डाक्टरनं सांगितलं, चक्कर न्हाय, फिट हाय. सकाळ-सांजेला एकेक. लाइनीत उभं करून द्यायचे, तोंड उघडून दाखवायचं गिळली म्हणून. दोन वर्सात एकदाबी आलं न्हाय बघ मला. निघताना पंधरा दिसाच्या दिल्या. कागदबी दिलता."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"आई हुती की फोनवर."

माझे हात पिठात होते. मी ते काढले नाहीत. तो पुढे म्हणाला, "तू यवडं करत हुतीस. म्हटलं, काय दोन दिसानं फरक पडतोय." तुरुंगात त्याला बरं केलं होतं, हे मी आज स्वच्छ शब्दांत लिहू शकते. आतल्या त्या डॉक्टरचं नाव मला माहीत नाही. माझ्या भावाला काय झालंय हे त्याच्या चौतीस वर्षांत फक्त त्या एका माणसानं नीट विचारलं आणि नीट सांगितलं.

शुक्रवारी आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. औषधाचं नाव बापूला येत नव्हतं. "पांढरी हाय, मधी रेघ," तो म्हणाला. मी हिंदीत सांगितलं, फिटची गोळी, पांढरी, मधे रेघ. काउंटरमागचा माणूस चांगला होता, हसला आणि म्हणाला, "मॅडम, हर दूसरी गोली सफेद होती है. और ये वाली बिना पर्ची के देंगे भी नहीं." शेजारी उभा असलेला एक जण बापूकडे बघून थोडा सरकला. बापूनं ते पाहिलं. परत येताना गाडीत तो म्हणाला, "बघितलंस? म्हणून न्हाय सांगत."

शनिवारी सरकारी आरोग्य केंद्र. बापूची पताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, तो आत असतानाच संपली होती. आणि पताकेवर चालतं ते हेल्थ कार्ड तिच्याबरोबर संपलं होतं. काउंटरवरच्या बाईनं पडद्यावर बघितलं.

"कार्ड नॉट ॲक्टिव्ह, मॅडम."

"माहीत आहे. त्याची गोळी चार दिवस बंद आहे. फक्त डॉक्टरनं चिठ्ठी द्यावी."

"स्पॉन्सर पताका रिन्यू करेगा, फिर कार्ड हो जाएगा."

"स्पॉन्सरनं व्हिसा रद्द केलाय. तो पुढच्या आठवड्यात कायमचा जातोय."

ती काउंटरवरून पुढे वाकली. मग आवाज खाली आणून, मला मदत करावी अशा सुरात म्हणाली, "अभी इनको कुछ हो रहा है क्या?"

"नाही. अजून नाही."

"तो जब होगा ना, तब इमर्जन्सी में ले आइए. इमर्जन्सी में कोई कार्ड नहीं पूछता."

तिचं काही चुकलं नव्हतं, हेच मला सहन होत नाही. ती नियम सांगत होती आणि तो खरा नियम होता, कुठेही न फाटलेला. उभ्या माणसाला कागद लागतो. पडलेल्याला लागत नाही. त्यानं आधी पडावं, मग आम्ही आहोत. मी आभार मानले. बापूही म्हणाला, "शुक्रन." खाजगी दवाखान्यांत पैसे भरायची तयारी होती, पण तिथल्या संगणकांनाही चालू पताकाच हवी होती. एका ठिकाणी पासपोर्टच्या प्रतीवर हो म्हणाले. सोमवारी सकाळी दहा.

शनिवारी संध्याकाळी तो बरवाला गेला. अविनाश त्याला जा म्हणाला नव्हता. फक्त फोनवर कुणाला तरी सांगताना बापूनं त्याला ऐकलं असावं, "सध्या घरात जरा गेस्ट आहेत." निघताना मला म्हणाला, "मित्रांस्नी भेटून येतो. सोमवारी हाईच की." मी त्याला जाऊ दिलं. इथे माझ्याकडे काही कारण नाही. मी दमले होते आणि मला घर रिकामं हवं होतं.

रविवार इथे कामाचा दिवस. मी ऑफिसात एका पत्रकातली ओळ तपासत होते. ओळ माझीच, आदल्या वर्षीची: निवासपरवाना संपला की विमा संपतो. मूळ कलम सात ओळींचं होतं. ते मी एका वाक्यात आणलं म्हणून माझं सगळ्यांसमोर कौतुक झालं होतं. पावणेदहाला मानेचा फोन आला. तो ओरडत होता आणि रडत होता.

"ताई, बापूला आकडी आली. थांबंना. चप्पल लावली नाकाला, कांदा फोडून लावला. चौघांनी धरून ठिवलं हातपाय. दातात चमचा घातला. सगळं केलं ताई, सगळं केलं."

रुग्णवाहिका लवकर आली. कुणी कार्ड मागितलं नाही. मी पोचले तेव्हा त्याच्या अंगावर स्वच्छ चादर होती, दंडावर सुई टोचल्याच्या खुणा होत्या, आणि एक परिचारिका त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त पुसत होती. चमचा लागला होता तिथलं. सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागले की मला ओकारी आली. खरोखरच आली, मी बाथरूममध्ये जाऊन आले.

नंतरचे कागद भराभर झाले. ज्या कंपनीच्या लेखी बापू कुठेच नव्हता, तिचा एक माणूस फाइल घेऊन हजर झाला. शिक्के पडले, तिकीट बदललं, शवपेटी आली. जिवंत असताना एका चिठ्ठीसाठी जी पताका चालत नव्हती, तिच्यावरच मृत्यूचा दाखला निघाला. क्रमांक तोच होता. मी तो फॉर्म भरून दिला, सुवाच्य अक्षरात. एका चौकटीत विचारलं होतं, मृताला विमा होता का. मी "नाही" लिहिलं. असले भरलेले फॉर्म ऑफिसात मी आधी किती पाहिले असतील.

महिन्याभरानं मी ऑफिसात एक पान लिहून वर पाठवलं. जो माणूस आतून बाहेर येतो, त्याचं कार्ड त्याच्या विमानाच्या तारखेपर्यंत चालू राहावं, एवढंच. एप्रिलमधलं अर्धं पानही सोबत जोडलं. उत्तर सभ्य होतं. विषय महत्त्वाचा आहे, पण आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याबरोबर मी रोज कॉफी घेते. ते वाईट नाहीत. एप्रिलमध्ये त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं, बहुधा त्यांच्याहून एक शब्द कमी वापरून.

लोकांना वाटतं की किळस बाहेरच्या कशाची तरी येते. गटाराची, सडलेल्या फळाची. मला माझ्या नीटनेटकेपणाची येते. दोन बादल्या गार करून ठेवणाऱ्या बाईची. काठीनं कपडे उचलताना तिनं चेहऱ्यावर जे हसू ठेवलं होतं, त्याची. मी वाचत आले, लिहीत आले, जगात कुठे माणूस विम्याच्या छत्राखालून निसटतो ते नकाशावर दाखवू शकते. त्या नकाशात माझं फाटक मला दिसलं नाही.

आई दर गुरुवारी फोन करते. तिला आम्ही सांगितलं की उन्हानं गेला. गावात तेच सांगितलंय. उन्हानं माणसं जातात, त्यात लाज नाही. ती त्याच्या अंगावर आलेल्या तेजाबद्दल बोलते, फोनवर पाहिलं होतं ते. "कसा भरला हुता गं," म्हणते. परवा म्हणाली, "तू हुतीस तिथं म्हणून बरं झालं. सगळं रीतीनं केलंस. न्हायतर परमुलकात कोण कुणाचं करतंय."

"हो," मी म्हणाले.

आईला खरं माहीत नाही. मी अजून त्याच कंपनीत आहे.